दर्भाचा कावळा आणि बटन टायर

भाऊजी,

तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही. सगळे म्हणाले, गंगेवर हल्ली कावळ्यांना पोटभर मिळतं, ते तरी किती पिंडांना शिवणार. मीही मान हलवली. तो का येत नव्हता हे मला माहीत होतं आणि मी गप्प उभी होते. शाळेत पोरांना रोज सांगते, उत्तर येत असेल तर हात वर करा, लाजू नका. मी हात वर केला नाही.

तुमच्या दहाव्याला केवढी माणसं आली होती! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वहिनी, एवढी तर माझ्या लग्नाला नव्हती." मखमलाबादची सगळी भावकी, मार्केटातले व्यापारी, पिकअपवाले, माझ्या शाळेतले सहकारी. पिंडाशेजारी तुमच्या आवडीचं सगळं मांडलं होतं. भेळभत्ता, शेवयांची खीर, आणि तुमच्या चुलत्यांनी, आबांनी, स्वतःच्या खिशातून काढून ठेवलेली तंबाखूची पुडी. आम्ही सगळे हात जोडून मागे सरकलो. पिंपळावर कावळे होते. त्यातला एक खाली आला, शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला शिवला आणि परत वर जाऊन बसला. त्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, तो आम्हाला ऐकू आला.

मग तुमचे दादा पुढे झाले. आमच्या ह्यांना चारचौघांत बोलता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. तरी म्हणाले, "सोमा, सुनीताला अन् तुझ्या आर्याला काही कमी पडू द्यायचो नाय. आईची काळजी करू नको." कावळा नाही. सासूबाई रडत रडत काहीतरी बोलल्या. कावळा नाही. ऊन चढत चाललं होतं आणि मागे दुसऱ्या लोकांची रांग लागली होती. गुरुजींनी दोनदा घड्याळ बघितलं. तेव्हा आबा सगळ्यांकडे तोंड करून म्हणाले, "कोणाला काही माहिती हाय का? त्याचं काही राहिलं असंल तर बोला. आता कशाची लाज?"

मला माहीत होतं. तुमचं टायरचं राहिलं होतं.

आता हे लिहितानासुद्धा कसंतरी वाटतं. माणसाच्या इच्छा कशा असतात, मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, काशीची यात्रा. आणि तुमची काय, तर वहिनीच्या मोटारसायकलला बटन टायर. पण तुम्ही ते आपल्या अंगणात, चाकाशी उकिडवे बसून, बोटानं खाचा चाचपत, माझ्यासमोर म्हणाला होतात: "वहिनी, ह्या पावसाच्या आत ह्या गाडीला बटन टायर बसवले ना, की मी मोकळा." मी म्हणाले होते, "मोकळे व्हा नाहीतर बांधलेले राहा, मी काही बटन टायर बसवत नाही." आपण हसलो होतो.

मुळात ती गाडी माझ्या गळ्यात घातली तुम्ही. माझी बदली पेठच्या बाजूच्या त्या पाड्यावर झाली तेव्हा मी स्कूटीवर जायची. सावळ घाट चढून जाईपर्यंत स्कूटीचं काही म्हणणं नव्हतं. पण डांबर सोडून डावीकडे वळलं की पाड्यापर्यंत नुसती लाल माती, मध्ये एक ओढा, आणि ओढ्यापलीकडे उभा चढ. पावसाळ्यात मी फाट्यावरच्या टपरीजवळ स्कूटी लावून चिखल तुडवत चालत जायची, पोहोचायची तेव्हा पोरं डबे उघडून बसलेली असायची. तुम्ही एकदा सोडायला आलात, तो रस्ता बघितलात आणि परतीच्या वाटेवर काहीच बोलला नाहीत. तुम्ही बोलत नसलात की घरात कोणाचा तरी खर्च वाढतो, हे तुमचे दादा म्हणतात ते खरं आहे. थोड्याच दिवसांत अंगणात ती उंच, जुनी, तारांच्या चाकांची मोटारसायकल उभी होती.

दर रविवारी पाटाच्या कडेच्या रस्त्यावर तुम्ही मला ती शिकवलीत. चाळिशीच्या बाईला, ओढणी घट्ट बांधून. तुम्ही मागे बसून सूचना द्यायचात, "क्लच सोडा, हळू, हळू, अहो कोंबडी नाय ती, सोडा!" मी पाटात जाता जाता वाचले होते एकदा. तुम्ही उडी मारून आधीच काठावर उभे. मी म्हणाले, "मला एकटीला सोडून उडी मारलीत?" तुम्ही म्हणालात, "दोघं बुडलो असतो तर सांगायला कोण राहिलं असतं?"

मग टायरांचा वाद सुरू झाला, तो संपलाच नाही. गाडीला रस्त्याचे टायर होते, बारीक खाचांचे. तुमचं म्हणणं, ते काढा आणि जाड गोट्यांचे बटन टायर घाला, गोट्यांच्या मधून चिखल झटकला जातो. माझं म्हणणं, माझा बहुतेक सगळा रस्ता डांबराचा आहे, शेवटचा तुकडा तेवढा मातीचा. त्या तुकड्यासाठी सगळ्या रस्त्यावर त्या गोट्यांचा घुंईऽऽ आवाज ऐकत, थरथरत जायचं? आणि घाटात, ओल्या डांबरावर, त्या गोट्या टेकणार किती आणि धरणार किती?

"गाडी डांबरावर नाय पडत वहिनी, चिखलात पडती."

"चिखलात पडलं तर ड्रेस धुवावा लागतो. डांबरावर पडलं तर हाडं जोडावी लागतात."

"अहो, पुढचं चाक वाट दाखवतं, मागचं नुसतं ढकलतं. निदान पुढं तरी बटन घाला."

"आणि ब्रेक कोणत्या चाकावर जास्त लागतो? पुढच्याच ना? तेच ओल्या रस्त्यावर घसरलं तर?"

ह्यावर तुम्ही डोकं खाजवायचात. मग दुसऱ्या दिवशी मार्केटातून येताना द्वारकेच्या चौकात अन्वरभाईंच्या टायरच्या दुकानात थांबून नवीन मुद्दा घेऊन यायचात. एकदा निम्म्या-निम्म्या टायरांची बातमी आणलीत, डांबरालाही चालतील आणि मातीलाही. मी म्हणाले, हे चांगलं आहे. तुम्ही तोंड वाकडं केलंत. म्हणालात, "निम्मं-निम्मं म्हंजे कुठलंच नाय. जावई घरजावई झाला तर ना तो सासरचा ना माहेरचा." मी म्हणाले, जावयाला माहेर नसतं. मग भांडण टायर सोडून जावयावर गेलं आणि सासूबाईंनी आतून ओरडून आपल्याला गप्प केलं.

मला त्या भांडणांत मजा यायची, भाऊजी. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दिवसभर पोरांशी, संध्याकाळी ह्यांच्याशी आणि सासूबाईंशी, सगळीकडे मी बाई किंवा सून. तुमच्याशी भांडताना मी नुसती मी असायची. ओट्यावर चहा थंड व्हायचा आणि आपण रबर मऊ चांगलं की कडक ह्यावर बोलत बसायचो.

मागच्या श्रावणात मी ओढ्यापलीकडच्या चढावर पडले. खाचा मातीनं बुजून टायर अगदी गुळगुळीत झाला होता, चाक जागेवर फिरलं, गाडी आडवी आणि माझा पाय तिच्याखाली. सायलेन्सरनं पोटरी भाजली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काशीबाईंनी आणि त्यांच्या सुनेनं गाडी उचलली, त्यांच्याच घरून तुम्हाला फोन केला. तुम्ही फुलांची क्रेट तशीच पिकअपमध्ये टाकून आलात आणि आल्या आल्या आधी चाकापाशी बसलात. मला राग आला. म्हणाले, "माणूस इथे बसलंय. आधी टायर काय बघताय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुम्ही बोलताय म्हंजे ठीक हाय. टायर बोलत नाय." पण घरी येईपर्यंत पिकअपमध्ये तुम्ही दर थोड्या वेळानं विचारत होतात, "लय आग होती का वहिनी?" गाडी मी आणून दिली, मीच आणून दिली, असं स्वतःशीच म्हणत होतात. मला ते ऐकू आलं, पण मी डोळे मिटून घेतले होते. तेव्हापासून टायर हा तुमच्यासाठी वादाचा विषय राहिला नव्हता, हे मला कळायला हवं होतं. मी आपली मुद्दे काढत राहिले.

आणि मग आबांचं ते वाक्य.

आडगावच्या साखरपुड्यात, जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर आबा म्हणाले, "आमच्या सोमाची अन् मास्तरीणबाईची जोडी दर रविवारी गाडीवर कुठं निघती हो? टायर बघायला म्हणं!" पंगत हसली. तुमचे दादाही हसले, त्यांच्या मनात काही नसतं. तुम्ही तर मोठ्यांदा हसलात आणि म्हणालात, "आबा, तुम्ही बी चला, मागं कॅरिअर हाय." मी हसले नाही. समोरच्या ओळीत तुमची सुनीता बसली होती. ती पानातल्या मिठाशी काहीतरी करत होती, तिनं वर बघितलंच नाही.

त्या दिवसापासून मी बदलले. तुम्ही ओट्यावर आलात की मी आत जायची. टायरचं काढलंत की म्हणायची, नंतर बघू. तुम्हाला कारण कळलं नाही, किंवा कळलं आणि तुम्ही दाखवलं नाहीत. मग तो रविवार आला. तुम्ही अंगणातून हाक मारलीत, "वहिनी, चला, अन्वरभाईकडं माल आलाय, स्वतः बघून घ्या अन् काय ते एकदाचं ठरवा." मी दारातून म्हणाले, पेपर तपासायचेत, मला वेळ नाही. पेपर तपासून झाले होते. त्याच आठवड्यात एका पहाटे कोथिंबिरीच्या जुड्या पिकअपमध्ये भरता भरता तुम्ही खाली बसलात, ते उठलाच नाहीत.

म्हणून गंगेवर आबांनी "बोला, आता कशाची लाज" म्हटलं तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. नेमके तेच विचारत होते. मी पुढे होऊन काय म्हणणार होते? भाऊजी, तुमच्या इच्छेप्रमाणे माझ्या गाडीला टायर बसवीन? सगळी भावकी ऐकणार. दिराचा जीव भावजयीच्या गाडीत अडकला म्हणणार. वर्षानुवर्षं ते पुरलं असतं लोकांना. मी विज्ञान शिकवते, भाऊजी. कावळ्याला माणसाच्या इच्छा कळत नाहीत हे मी पोरांना शिकवते. तिथं उभी राहून मी तेच मनात घोकत होते आणि घोकता घोकता मला कळत होतं की हे मी आत्ता माझ्या सोयीसाठी घोकते आहे.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. गवताच्या काड्यांना गाठ मारून केलेला, ना चोच ना पंख. तो पिंडाला टेकवला आणि म्हणाले, झालं, शिवला. माणसं पाय धुवायला निघाली. तुम्हाला, ज्यांनी मला खरी गाडी खऱ्या चिखलातून चालवायला शिकवली, गवताच्या कावळ्यावर निरोप दिला. मला घरी जाईपर्यंत कोणाकडे बघवलं नाही.

महिनाभर मी ती गाडी झाकून ठेवली. उन्हाळ्याची सुट्टी होती, कोणी विचारलं नाही. पहिल्या महिन्याचं पान घातलं तेव्हाही मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. मग जूनच्या सुरुवातीला एका दुपारी मी आणि सुनीता पडवीत जुड्या बांधत बसलो होतो. तुमच्यामागे मार्केटचं सगळं तिनं अंगावर घेतलंय, माल कोणाकडे द्यायचा हे आता तीच ठरवते, हेही तुम्हाला सांगायचं होतं. तर ती खाली मान घालून सुतळी ओढत म्हणाली, "ताई, त्यांचं काय राहिलं होतं ते तुम्हाला माहिती होतं ना?"

मी हातातली जुडी खाली ठेवली. मी म्हणाले, "तुला?"

"वर्षभर घरात टायर, टायर. मला माहिती नसंल?"

"मग तू का नाही बोललीस?"

तिनं जुडीला गाठ मारली, दातांनी सुतळी तोडली. म्हणाली, "बायको होते ना मी. लोक म्हणले असते, मरताना बायको-पोरीत नाय, वहिनीच्या टायरात जीव राहिला त्याचा. मला नाय सांगता आलं. लाज वाटली." मग म्हणाली, "अन् तुम्ही?"

"मलाही त्याचीच."

 गंगेवर आम्ही दोघी तुमच्या अगदी जवळ उभ्या, दोघींना माहीत, आणि दोघी गप्प. मला वाटत होतं मी एकटी तुमची अपराधी आहे, पण मी तिलाही त्यात ओढलं होतं. इतकी वर्षं मी घरातली मोठी जाऊ, शिकलेली, नोकरीवाली. आबांनी पंगतीत ते वाक्य टाकलं तेव्हा मी माझं नाव सांभाळायला आत पळाले. तिला त्या वाक्यानं काय झालं असेल ते एकदाही विचारलं नाही. मी तसं तिला म्हणाले. ती म्हणाली, "मला तुमचा राग नव्हता ताई. मला त्यांचा यायचा. माझ्याशी कधी कशावर एवढं भांडले नाय ते." आणि मग ती रडली. तुमच्या दहाव्याला इतकी रडली नव्हती.

रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"द्वारकेला. का अजून पेपर तपासायचेत?"

म्हणजे त्या रविवारचंही तिला माहीत होतं.

ती त्या गाडीवर पहिल्यांदाच बसली. साडी, एका बाजूला पाय, डोक्यात तुमचं हेल्मेट, ते सारखं डोळ्यांवर येत होतं. द्वारकेच्या गर्दीतून मी दोन वेळा गाडी बंद पाडली. अन्वरभाईंनी दुरूनच ओळखलं, गाडीला ओळखलं म्हणा, आणि हसत पुढे आले. "मॅडम, भाऊ किधर है? महीने पहले बोला था, आता हूँ, आता हूँ."  सुनीतानं हेल्मेट काढलं आणि साध्या आवाजात सांगितलं. अन्वरभाईंनी आत जाऊन दुकानातला रेडिओ बंद केला, स्टूल पुसून दिलं.  मग त्यांनी स्वतः तीन प्रकारचे टायर काढून आमच्यासमोर उभे केले. रस्त्याचे, निम्मे-निम्मे आणि बटन. म्हणाले, "मेरे हिसाब से तो बीचवाला लो मॅडम. आपका रोड ज्यादा है."

मी मधल्या टायराकडे हात नेला. मागून सुनीता म्हणाली, "निम्मं-निम्मं म्हंजे कुठलंच नाय." मी वळून बघितलं. ती पुढे बोलतच होती, टायरच्या गोट्यांवरून बोट फिरवत. "पुढचं चाक वाट दाखवतं, मागचं नुसतं ढकलतं. चिखलात हवा थोडी कमी करायची, डांबरावर आलं की परत भरायची. नव्या टायराला पहिले दिवस चकाकी असती, तेव्हा वळणावर वाकायचं नाय."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार? तुम्ही दोघं ओट्यावर भांडायचात. मी आत भाकरी थापत असायचे."

एक भिंत मध्ये होती, भाऊजी. तिला आपण एकदाही बाहेर बोलावलं नाही. सुनीता, तुझं काय मत, असं ना तुम्ही विचारलंत ना मी.

मी दोन्ही चाकांना बटन घ्यायला सांगितलं. तुमचं बरोबर होतं म्हणून नाही, हे आधी स्पष्ट करते. अन्वरभाईंचंच बरोबर असेल, मधलेच शहाणपणाचे असतील. पण शहाणपण मी खूप केलं. टायर चढवताना सुनीता वाकून बघत होती. टायरच्या कडेला बाण असतो, चाक कुठल्या दिशेनं फिरायचं त्याचा, तो तिनं शोधून काढला आणि बरोबर आहे ना असं विचारून खात्री करून घेतली. मी नुसती उभी होते.

शाळा सुरू झाली तशी रोज त्याच टायरांवर जाते आहे. अहवाल देते. आवाज मी म्हणत होते तितकाच येतो, आणि मला तो अजून आवडत नाही. घाटात ओल्या वळणावर मागचं चाक एकदा बोटभर सरकलं, तेव्हापासून घाट मी म्हशीच्या चालीनं चढते. म्हणजे मी बरोबर होते. आणि ओढ्यापलीकडचा चढ, जिथं मी पडले होते, तो गाडीनं पहिल्याच झटक्यात चढला. गोट्यांतून लाल चिखल उडून माझ्याच पाठीवर आला. काशीबाई वर उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, आज नाय पडल्या का?" म्हणजे तुम्हीही बरोबर होतात. हे सांगायला मी सवयीनं संध्याकाळी ओट्यावर आले. सुनीता भाकरी थापत होती. मी तिला बाहेर बोलावलं आणि तिला सांगितलं.

काल तुमच्या दुसऱ्या महिन्याचं पान होतं. भावकी जेवायला आली होती, आबाही होते. दादांनी पान वाढून कोंबड्यांच्या शेडच्या भिंतीवर ठेवलं, सगळे अंगणात उभे राहिलो. मी कोणाला न विचारता पुढे झाले. माझा आवाज शाळेतला आहे, तो लहान होत नाही. म्हणाले, "भाऊजी, तुमची इच्छा टायरची होती. मला आणि सुनीताला माहीत होतं, आम्ही दहाव्याला बोललो नाही. दोन्ही चाकांना बटन बसवलेत. गाडी दारात आहे, बघून घ्या." दादांनी रुमाल काढला. आबा बराच वेळ गाडीच्या चाकाकडे बघत होते. हसले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "चांगले हायेत टायर."

कावळा लगेच आला. तसे ते आपल्या शेडवर रोजच येतात, कोंबड्यांचे दाणे खायला, त्यामुळे मी त्यात काही धरत नाही. सुनीता धरते. सासूबाई तर सगळ्यांना सांगत सुटल्यात की सोमा मोकळा झाला. त्यांचं समाधान होऊ दे.

माझं झालेलं नाही. भरल्या अंगणात, भावकीसमोर, भिंतीवरच्या पानाकडे तोंड करून मी खणखणीत बोलले. त्या रविवारी अंगणात फक्त तुम्ही होतात. "चला" एवढंच म्हणायचं होतं, आणि ऐकायला तुम्ही जिवंत होतात.

पेपर तपासायचेत म्हणून मी आत गेले, पण खोलीत गेले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, पडद्यामागे उभी होते. तुम्ही गाडी चालू करून ठेवली होती. तुमच्या डोक्यात तुमचं हेल्मेट आणि हातात माझं. तुम्ही थोडा वेळ दाराकडे बघत थांबलात, मी येईन असं वाटलं असेल. मग गाडी बंद केलीत. ओट्यावर चढून माझं हेल्मेट खुंटीला परत अडकवलंत आणि त्याची काच शर्टाच्या बाहीनं पुसलीत. मी आतून सगळं बघत होते.